'उंदरांवर सिद्ध झालंय' म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?

गेल्या महिन्यात जांबोटीहून मावशीचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "अगं, मोबाइलवर आलंय बघ. कुठल्याशा झाडाच्या सालीचा काढा घेतला की बीपी उतरतो म्हणे. उंदरांवर सिद्ध झालंय. मग मी गोळी बंद करू काय?"

गोळीला हात लावू नकोस, हे आधी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तिने पुढचा प्रश्न विचारला. "आणि एक सांग, त्या उंदराला पट्टा कुठं बांधाल्यात? त्याचा दंड तो केवढा!"

बेळगावात मी बरीच वर्षं फार्मसीच्या मुलांना औषधशास्त्र शिकवलं. मावशीचा प्रश्न भाबडा वाटला तरी या विषयाच्या मुळाशी तोच आहे. बीपी मोजला कसा आणि त्या मोजमापाचा हिशोब मांडला कसा, हे कळल्याशिवाय 'उंदरांवर सिद्ध' या दोन शब्दांना काहीच अर्थ नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं आढळलं. म्हणजे अशा बातम्या वाचून गोळीच्या पाकिटाकडे बघणारी माणसं घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बीपी एका जागी थांबत नाही

हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्त जोराने धमनीत ढकललं जातं आणि दाब चढतो, तो 'वरचा'. हृदय सैलावतं तेव्हा दाब खाली येतो, तो 'खालचा'. पूर्वीच्या यंत्रात दाबाने पारा वर चढायचा, म्हणून आपण आजही मिलिमीटर पारा या मापात बोलतो. दवाखान्यात १४०/९० किंवा त्याच्या वर पुन्हा पुन्हा आला की डॉक्टर उच्च रक्तदाब म्हणतात.

हा दाब पहिल्यांदा थेट मोजला गेला तो प्राण्यातच. स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली. रक्त आठ फुटांच्या वर चढलं. १७३३ मध्ये त्याने हे छापलं, आणि त्यात एक बारीक निरीक्षण आहे: नळीतलं रक्त एका उंचीवर स्थिर राहत नव्हतं. प्रत्येक ठोक्याला ते वरखाली होत होतं, आणि घोडी धडपडली की आणखी चढत होतं.

आपल्या भागातला माणूस हे लगेच समजेल. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ मलप्रभेच्या पात्रात आहे. मे महिन्यात गेलेला पाहुणा सांगेल की नदीत खडकच खडक आहेत. जुलैत गेलेल्याला देऊळच दिसणार नाही, ते पाण्याखाली असतं. दोघेही खरंच सांगतात. पण मलप्रभा कशी आहे हे सांगायला दोघांचीही एकेक भेट पुरत नाही. दवाखान्यात महिन्याकाठी एकदा घेतलेला बीपी ही अशीच एक भेट. जिना चढून आलात, रांगेत कुणाशी वाद झाला, लघवी तुंबली आहे, डॉक्टरांचा धाक वाटतो, या सगळ्याने आकडा हलतो.

उंदराला पट्टा कुठे बांधतात?

शेपटीला. मावशीला हे ऐकून फार हसू आलं, पण वर्षानुवर्षं हीच पद्धत होती आणि अजूनही आहे. उंदराला अंगाबरोबर बसेल अशा अरुंद नळकांड्यात ठेवायचं, शेपटी बाहेर काढायची, तिला ऊब द्यायची म्हणजे रक्त नीट वाहतं, आणि शेपटीच्या बुंध्याशी छोटा पट्टा चढवून हवा भरायची. मी स्वतः हे केलं आहे. उंदराला कितीही दिवस सवय लावली तरी नळकांड्यात शिरताना त्याच्या मिशा थरथरतात आणि शेपटीत ताठरपणा येतो, तो बोटांना कळतो. अशा वेळी जो आकडा मिळतो तो उंदराचा बीपी असतोच, शिवाय त्याच्या भीतीचाही असतो. काही माणसांचा बीपी फक्त दवाखान्यात चढतो आणि घरी ठीक असतो. शेपटीच्या पट्ट्याखाली बहुतेक उंदरांची तीच गत होते.

म्हणून दुसरी पद्धत आली, टेलिमेट्री. म्हणजे दूरमापन: शरीरात बसवलेलं छोटं यंत्र दाब मोजतं आणि रेडिओलहरींनी बाहेर कळवतं. उंदराला भूल देऊन एक अगदी बारीक नळी त्याच्या पोटातल्या मुख्य धमनीत सरकवतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला दाब टिपणारा संवेदक, बॅटरी आणि प्रक्षेपक असलेली डबी असते, ती पोटातच शिवतात. पिंजऱ्याखालचा पाट तिचे संदेश पकडतो. जखम भरून उंदीर नेहमीसारखा खाऊपिऊ लागायला साधारण आठवडा ते दहा दिवस जातात, तोपर्यंतचे आकडे धरत नाहीत. त्यानंतर तो हिंडतो, झोपतो, दाणे कुरतडतो, आणि कुणीही हात न लावता त्याचा बीपी रात्रंदिवस नोंदला जातो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००५ मध्ये प्राण्यांतल्या मोजमापाबद्दल सविस्तर शिफारशी दिल्या. त्यांचा मथितार्थ असा, की दोन गटांत मोठा फरक आहे का एवढंच चाचपायचं असेल तर शेपटीचा पट्टा चालेल, पण बीपीचं नेमकं प्रमाण, त्यातली चढउतार किंवा लहान फरक मोजायचा असेल तर टेलिमेट्रीसारखी थेट पद्धतच हवी. तेव्हा बातमीत 'उंदरांचा बीपी उतरला' असं वाचलं की पहिली चौकशी इथे करायची.

दुसरी चौकशी म्हणजे उंदीर कोणता. घरातल्या उंदराला आपणहून बीपी होत नाही. १९६३ मध्ये क्योटोत ओकामोटो आणि आओकी यांनी पिढ्यान्पिढ्या जास्त दाबाचेच उंदीर निवडून एक वंश तयार केला, त्यांचा बीपी काही न करता वयाबरोबर चढत जातो. अमेरिकेत त्याच सुमारास डाल यांनी खारट खाल्लं की दाब चढणारे आणि न चढणारे असे दोन वंश वेगळे काढले. कुठे मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावून दाब वाढवतात, कुठे हार्मोन देऊन. प्रत्येक प्रकारात बीपी वाढण्याचं कारण वेगळं. मिठाने चढणारा दाब ज्याने उतरला, तो काढा दुसऱ्या कारणाने चढलेल्या दाबावर चालेलच असं नाही.

दिवसाला चार कोटी आकडे

आता खरी गुंतागुंत सुरू होते. टेलिमेट्रीचं यंत्र सेकंदाला ५०० वेळा दाब टिपत असेल, तर एका उंदराचे चोवीस तासांत ४ कोटी ३२ लाख आकडे जमतात. उंदराचं हृदय मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास धडधडतं, म्हणजे दिवसाचे पाच लाख ठोके. एवढे आकडे कुणी वाचत नाही. संगणक त्यातून एकेक ठोका शोधतो, त्याचं शिखर म्हणजे वरचा, तळ म्हणजे खालचा, आणि सगळ्या वळणाची सरासरी म्हणजे मध्यदाब. मग ठोक्यांवरून मिनिटाची सरासरी, मिनिटांवरून तासाची.

या पायऱ्या उतरताना घोटाळे कुठे होतात, त्याचं एकच उदाहरण जवळून बघू. धमनीतल्या नळीच्या टोकाशी रक्ताची बारीक गुठळी धरली. नळी पूर्ण बंद झालेली नाही, फक्त तोंड अरुंद झालंय. आता दाबाची लाट आत पोचताना बोथट होते. समजा आधी १८०/१२० दिसत होता, तो हळूहळू १६०/१३० दिसू लागतो. जो फक्त वरचा बघतो तो म्हणेल, वीसने उतरला, औषध लागू पडलं! पण खालचा दहाने चढलाय, आणि मध्यदाब आधीही १४० होता, आताही १४०च आहे. उंदराला काहीच झालेलं नाही, नळी चोंदली आहे. पडद्यावर लाट बघितली तर ओळखता येतं: एरवी ती टोकदार, मागे छोटी खाच असलेली दिसते, आता नुसता गोल उंचवटा. तासाची सरासरी घेऊन ठेवली की ती लाटच नजरेआड जाते. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे, सरासरी काढण्याआधी दर दिवशी दर उंदराची एक तरी लाट डोळ्यांनी बघा.

दुसरा घोटाळा आपल्या चोर्ला घाटात भेटतो. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत गोव्याला उतरताना कान बंद होतात ना? बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंच आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा, तर आपल्याकडे ६९५च्या आसपास. दंडावरचा पट्टा बाहेरच्या हवेच्या तुलनेतच मोजतो, त्यामुळे आपल्याला याची फिकीर नाही. पण उंदराच्या पोटातली डबी सीलबंद असते. तिला हवेचा आणि रक्ताचा असा दोन्ही दाब मिळून कळतो. खोलीत वेगळा हवामापक ठेवून हवेचा दाब क्षणोक्षणी वजा करावा लागतो. पावसाळ्यात कमी दाबाचा पट्टा आला की हवेचा दाबही दोनचार मिलिमीटर खाली जातो. हवामापक बिघडला असेल, तर त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या सगळ्या उंदरांचा बीपी एकदम 'उतरतो'. एखाद्या सौम्य औषधाचा परिणाम पाच मिलिमीटरचा असेल, तर ढगांनी आणि औषधाने केलेलं काम वेगळं कसं ओळखायचं? औषध न दिलेला गट त्याच वेळी, त्याच खोलीत हवा, तो यासाठीसुद्धा.

खराब आकडे काढून टाकावेच लागतात, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते निकाल बघून काढणं. कुठला आकडा बाद, किती वेळ संदेश तुटला तर तो तास बाद, हे नियम प्रयोगाआधी लिहून ठेवायचे आणि कोणत्या उंदराला औषध दिलंय हे माहीत नसलेल्या माणसाने ते लावायचे. नाहीतर मनात बसलेलं उत्तरच आकड्यांतून बाहेर येतं, माणूस प्रामाणिक असला तरी.

आपली रात्र, त्यांचा दिवस

उंदीर निशाचर. कणगीतले दाणे रात्रीच कमी होतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. रात्री उंदराचा बीपी आणि नाडी वर असते, दिवसा झोपेत खाली. माणसाचं उलट. निरोगी माणसाचा बीपी झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो.

सकाळी दहा ते पाच या वेळात शेपटीला पट्टा लावणारा माणूस उंदराला त्याच्या मध्यरात्री उठवून मोजत असतो. टेलिमेट्रीने हे सुटतं, पण हिशोब करताना पुन्हा तीच चूक होऊ शकते. समजा औषध सहा तासच टिकतं. चोवीस तासांची एकच सरासरी काढली तर सहा तासांचा उतार अठरा तासांत विरघळून जातो आणि औषध कुचकामी ठरतं. उलट फक्त ते सहा तास दाखवले, तर ते रामबाण वाटतं. म्हणून उजेडाचे बारा तास आणि अंधाराचे बारा तास निदान वेगळे मांडतात. त्याहून नेटकी रीत अशी, की दिवसभराच्या चढउतारावर एक गुळगुळीत लाट बसवायची आणि तिच्यातून मध्यपातळी, आवाका आणि शिखराची वेळ काढायची. काही औषधं पातळी खाली आणतात, काही फक्त आवाका कमी करतात. आजारी मूत्रपिंडाच्या उंदरात कधी कधी लाटच सपाट होते, विश्रांतीच्या वेळी दाब उतरतच नाही. माणसातही असं होतं, आणि ज्यांचा बीपी रात्री उतरत नाही त्यांच्या हृदयाला आणि मेंदूला धोका जास्त असतो.

आणि पिंजरा साफ करण्याचा दिवस! नवा भुसा घातला, उंदराला उचललं, की तासभर तरी दाब चढलेला राहतो. कुणी कधी खोलीत आलं, दिवा चुकून रात्री लागला का, याची वही ठेवली नसेल तर ते उंचवटे नंतर कुणालाच उलगडत नाहीत.

एका म्हशीचं दूध किती वेळा तपासायचं?

मावशीला सगळ्यात चटकन समजला तो भाग हा, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचाही हाच. तिच्याकडे दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला घालते. मी विचारलं, "तुझी नवी पेंड चांगली की जुनी, हे ठरवायचंय. एका म्हशीला नवी पेंड घातली, तिच्या दुधाची फॅट दिवसातून शंभर वेळा लावली. शंभर आकडे आले. मग शंभर म्हशींवर पेंड तपासली असं म्हणशील?"

"असं कसं? म्हैस एकच की."

मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं इथे चुकतात. एका गटात सहा उंदीर. प्रत्येकाचे मिनिटामिनिटाचे आकडे, दिवसाचे १,४४०. सहांचे मिळून ८,६४०. संगणकाला सांगितलं की हे ८,६४० स्वतंत्र पुरावे आहेत, तर तो बिचारा तसंच धरतो. मग अनिश्चितता साधारण ३८ पटींनी कमी दिसते आणि एका मिलिमीटरचा योगायोगाचा फरकही 'शास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय' ठरून बाहेर पडतो. खरं तर साक्षीदार सहाच आहेत. एकेक साक्षीदार खूप बोलला, एवढंच. शिवाय दहा वाजून पाच मिनिटांचा आकडा बराचसा दहा वाजून चार मिनिटांच्या आकड्यासारखाच असणार, त्यात नवं फार थोडं कळतं.

मग इतके आकडे घ्यायचे कशाला, असा प्रश्न येईल. कारण त्या एका उंदराबद्दल आपली खात्री फार पक्की होते. त्याची खरी पातळी, त्याची रात्र, त्याचा दिवस स्वच्छ दिसतो. उंदराउंदरांतला फरक मात्र त्याने कमी होत नाही, त्यासाठी जास्त उंदीरच लागतात. दोन्ही गोष्टी एकाच हिशोबात धरणारी पद्धत आहे, तिला मिक्स्ड मॉडेल म्हणतात. सोपं करून सांगायचं तर प्रत्येक उंदराला त्याची स्वतःची सुरुवातीची पातळी दिली जाते आणि मग बघितलं जातं, की औषधाने सगळ्यांचा कल एकाच दिशेला झुकला का. म्हशींचंही तसंच. एकीची फॅट मुळात सहा, दुसरीची मुळात सात. पेंड बदलल्यावर दोघींची आपापल्या जागेवरून किती हलली, ते बघायचं. म्हणून औषध सुरू करण्याआधीचे चारपाच दिवस नुसते मोजण्यात घालवतात. ते दिवस वाया जात नाहीत, सगळ्या हिशोबाचा पाया त्यावर उभा असतो.

एक चूक आणखी आहे, ती फार लपून राहते. प्रयोग महिनाभर चालतो. दरम्यान काही नळ्या चोंदतात, काही बॅटऱ्या संपतात, काही उंदीर मरतात. ज्यांचा बीपी सगळ्यात जास्त तेच बहुधा आधी मरतात. उरलेल्यांची सरासरी काढली तर दर आठवड्याला बीपी उतरताना दिसतो. गोठ्यातली कमी फॅटची म्हैस विकली, की उरलेल्या दुधाची फॅट वाढतेच, पेंड कुठलीही असो. म्हणून शोधनिबंधात सुरुवातीला किती उंदीर होते, शेवटी किती उरले आणि मधले कुठे गेले, हे लिहिलेलं असायला हवं. २०१० मध्ये आलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या 'अराइव्ह' या नियमावलीत नेमकी हीच मागणी आहे. मी कुठलाही निबंध हातात घेतला की आधी हा आकडा शोधते.

मग उंदरांना त्रास तरी का द्यायचा?

हा आक्षेप मला मनापासून योग्य वाटतो, आणि त्याला झटपट उत्तर नाही. आपण आज ज्या गोळ्या घेतो त्यांच्यामागे प्राणी आहेत, हे खरं. १९३४ मध्ये गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाची धमनी चिमट्याने अरुंद केली आणि बीपी चढला, तेव्हा मूत्रपिंड दाब वाढवू शकतं हे पक्कं झालं. मूत्रपिंडापासून सुरू होऊन दाब चढवणारी रसायनांची एक साखळी असते, पुढे तिच्यातले दुवे सापडत गेले, ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषातून ती साखळी तोडणारा धागा मिळाला, आणि कॅप्टोप्रिल हे औषध बाजारात आलं. आज '-प्रिल' ने संपणारी नावं अनेकांच्या गोळ्यांच्या पाकिटावर असतात.

आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे, आणि संस्थेतल्या नीतिसमितीच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च यांनी मांडलेली तत्त्वं जगभर मानली जातात: प्राण्याला पर्याय असेल तर तो वापरा, संख्या कमीत कमी ठेवा, वेदना कमीत कमी करा. टेलिमेट्रीत एक शस्त्रक्रिया आहे, ती नाकारता येत नाही. पण पुढे रोजची धरपकड थांबते, आणि प्रत्येक उंदराची तुलना त्याच्या स्वतःशीच होत असल्याने कमी उंदरांत काम भागतं.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ज्या प्रयोगाचा हिशोब चुकला, त्यातल्या उंदरांचं मरण फुकट गेलं. शस्त्रक्रिया झाली, महिनाभर पिंजरा भोगला, आणि शेवटी कुणीतरी मिनिटांनाच उंदीर समजून मोजलं. त्याहून मोठा अन्याय मला प्रयोगशाळेत दुसरा दिसलेला नाही.

पण झाडपाला तर आपलाच आहे ना?

आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. बीपीवर आधुनिक जगाने गांभीर्याने घेतलेलं एक औषध आपल्या मातीतलंच: सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जल वकील यांनी १९४९ मध्ये तिचे रुग्णांवरचे परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पण त्यांनी माणसांवर बघितलं होतं, मोजून बघितलं होतं. आणि त्याच सर्पगंधेतून निघालेल्या रेसर्पिनने काही रुग्णांचं मन उदास होतं हेही पुढे नोंदलं गेलं. झाडातून आलं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाच आहे, म्हणजे हा विषय आपल्या दारातला आहे, आणि तो तपासूनच पुढे न्यायचा असतो.

मात्रेचंही बघा. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर साठ किलोच्या माणसाला सरळ गुणून १२ ग्रॅम द्यायचा नसतो. लहान प्राण्याचं शरीर औषध झपाट्याने जाळतं, म्हणून ढोबळ मानाने किलोमागची मात्रा सहाने भागतात. शिवाय प्रयोगात बहुधा मोजून काढलेला अर्क असतो. चुलीवर उकळलेल्या काढ्यात त्यातलं काय किती उतरलं, हे त्या निबंधावरून कळत नाही. मावशीने गोळी सोडून तो काढा घेतला असता, तर ती स्वतःच प्रयोगातला उंदीर झाली असती, तोही कुणी नोंद न ठेवलेला.

मावशीचे चोवीस तास

माणसासाठीही चोवीस तासांचं यंत्र मिळतं. दंडावर पट्टा, कमरेला छोटी पेटी. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या ते एका तासाने पट्टा आपोआप फुगतो. चोवीस तासांची सरासरी १३०/८०च्या वर, किंवा रात्रीची १२०/७०च्या वर असली तर बीपी जास्त धरतात. हे आकडे दवाखान्यातल्या १४०/९०पेक्षा खालचे का, ते आता सांगायला नको.

मावशीचा बीपी दवाखान्यात १६० आणि घरी १३०च्या आत येई, म्हणून तिच्या डॉक्टरांनी हे यंत्र लावलं. मी तिला बजावलं होतं, सोबत वही ठेव आणि काय करतेस ते वेळेसकट लिही. दुसऱ्या दिवशी कागद निघाला. रात्रभर रेघ छान खाली होती, आणि मध्येच दोनच्या सुमाराला एकदम १७८. डॉक्टरांनी कपाळाला आठी घातली आणि वही मागितली. कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या पानावर मावशीने पेन्सिलीने लिहिलं होतं:

"१०.१५ झोपलो. १.४० गोठ्यात गेलो. २.१० म्हैस व्याली, रेडी झाली. ३ ला परत झोपलो."

डॉक्टरांनी १७८ भोवती गोल काढला आणि त्याच्या शेजारी लिहिलं, "रेडी".